उणे अठराचे ढोंग

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, श्रीवर्धन-म्हसळा-मुरूडच्या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे कित्येक आठवडे काळोखात राहिली. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरच्या सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एका झटक्यात गेली. बऱ्याच भागांत ती दोन-तीन तासांत परतली, काही उपनगरांनी मात्र रात्रीपर्यंत वाट पाहिली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ पोटात घेतली. आणि २६ जुलै २००५ चा तो दिवस तर मुंबईकर विसरणे शक्य नाही; सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि उपनगरांतल्या वस्त्यांत दिवसचे दिवस दिवा लागला नाही. या प्रत्येक संकटानंतर पंचनामे झाले. घरांचे झाले, नारळी-पोफळीच्या बागांचे झाले, होड्यांचे झाले, दुकानांतल्या भिजलेल्या मालाचे झाले, आणि ते झालेच पाहिजे होते. पण वीज गेली त्या घटकेला गावोगावच्या, गल्लोगल्लीच्या डीप फ्रीझरांच्या पोटात जी कोंबडी, जे मटण, जी मासळी पडून होती, त्यांतली किती खड्डा खणून पुरली, किती कचऱ्याच्या गाडीत गेली, आणि वीज येताच किती पुन्हा दगडासारखी कडक होऊन, त्याच वेष्टनात, त्याच तारखेने, त्याच भावाने गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडली, याचा हिशेब शासनाने जनतेपुढे ठेवल्याचे आम्ही आजतागायत पाहिलेले नाही. हिशेब मागणारा कोणी नाही, म्हणून देणाराही नाही.

विषय किळसवाणा आहे, सकाळच्या चहाबरोबर वाचण्याजोगा नाही, असे कोणी नाक मुरडून म्हणेल. म्हणू द्या. जे ताटात वाढले जाते त्याविषयी बोलायलाही ज्यांना शिसारी येते, त्यांना ते खाऊ घालण्याची शिसारी कधी आलेली नाही.

गोठवण्याने जंतू मरतात, ही समजूत ज्याने कोणी पसरवली त्याने नासक्या मालाच्या व्यापाऱ्यांवर फार मोठे उपकार करून ठेवले आहेत. थंडीने जंतू मरत नाहीत. ते निपचित पडून राहतात. उणे १८ अंशांना त्यांची वाढ थांबते, एवढेच. कॉम्प्रेसर बसला, गॅस उडाला, झाकणाच्या रबराला फट पडली किंवा लाइट गेली, की पारा चढू लागतो. मांसाला पाणी सुटते, त्या पाण्यात रक्त आणि प्रथिने उतरतात, आणि पारा पाच अंशांच्या वर गेला की तिथून साठ अंशांपर्यंतचा सारा मुलूख जंतूंच्या जहागिरीचा. अनुकूल ऊब मिळाली तर काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. शाळकरी पोरालाही जमेल असे हे गणित आहे: एकाचे दोन, दोनाचे चार, आणि सात तासांच्या अखेरीस त्या एका जंतूची वीस लाखांहून मोठी प्रजा. मग रात्री कधीतरी वीज येते, फ्रीझर घरघरू लागतो, आणि सकाळपर्यंत ती सारी प्रजा बर्फाच्या कवचाआड सुखरूप झोपलेली असते. उठायचे कधी, तर तुमच्या स्वयंपाकघरात.

'नीट शिजवले की सगळे मरते' हे दुकानदाराचे ठेवणीतले उत्तर. अर्धे खरे आणि म्हणूनच पुरते घातक. साल्मोनेला पुरेशा उष्णतेने मरतो, यात वाद नाही. परंतु स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू मरताना मागे जे विष ठेवून जातो ते खळखळ उकळत्या रश्श्यातही टिकते. बांगडा, सुरमई, ट्यूना यांसारखी मासळी उबेत राहिली तर तिच्यात हिस्टामिन साठते. ते तव्यावर जळत नाही, कालवणात विरत नाही, पुन्हा गोठवल्याने नाहीसे होत नाही. खाणाऱ्याचे तोंड लालबुंद होते, अंगावर गांधी उठतात, डोके ठणकते, आणि घरातली माणसे म्हणतात, मासे बाधले. मासे बाधले नाहीत. फ्रीझर बंद होता, ते लपवले गेले. ते बाधले.

यंत्र बिघडणे हा गुन्हा नव्हे, हे आम्ही निःसंदिग्धपणे सांगतो. काठोकाठ भरलेला डीप फ्रीझर झाकण न उघडता राहिला तर सुमारे ४८ तास आपली थंडी धरून ठेवतो, अर्धा भरलेला सुमारे २४ तास. ज्या मांसात अजून बर्फाचे कण करकरत आहेत किंवा जे चार अंशांच्या वर गेलेले नाही, ते पुन्हा गोठवता येते. चव उतरेल, पोत बिघडेल, जीव जाणार नाही. म्हणजे प्रामाणिक व्यापाऱ्याला निसर्गाने सवलत दिलेली आहे, आणि ती बऱ्यापैकी सढळ आहे. त्याला दोनच गोष्टी करायच्या असतात: झाकण बंद ठेवणे आणि आतला पारा पाहून ठेवणे. पण दिवसभर गिऱ्हाइकासाठी झाकण उघडायचे, आत थर्मामीटर म्हणून ठेवायचा नाही, माल पिळपिळीत झाला तरी हात लावून 'अजून गार आहे' म्हणायचे आणि वीज आल्यावर जणू काही घडलेच नाही अशा निर्विकार चेहऱ्याने तो विकायला काढायचा, हा बिघाड नव्हे. ही फसवणूक आहे.

आणि फसवणूकही कशी, तर पुरावा स्वतःच गिळून टाकणारी. दूध नासले तर फाटते, भाजी सडली तर काळी पडते, ताजी मासळी शिळी झाली तर कोळणीने कितीही पाणी मारले तरी डोळे आणि कल्ले बोलतात. पुन्हा गोठलेले मांस मात्र बोलत नाही. त्याचा वास बर्फात कोंडलेला असतो, रंग धुक्याच्या थराखाली झाकलेला असतो. वेष्टनाच्या कोपऱ्यात लालसर पाण्याचे थिजलेले डबके, सुटे असायला हवेत ते तुकडे एकमेकांना चिकटून झालेला एकच गोळा, पाकिटाच्या आत जमलेला बर्फाचा चुरा, या खुणा जाणत्याला दिसतात. संध्याकाळी लोकल पकडायच्या घाईत पाकीट उचलणाऱ्या माणसाला त्या कोण दाखवणार? त्याला दिसते ती छापील तारीख. ती तारीख उणे १८ अंश अखंड राखले जातील या एकाच अटीवर छापलेली असते. अट मोडली त्या क्षणी ती तारीख खोटी झाली, आणि तरीही ती त्या पाकिटावर शपथेवर साक्ष देणाऱ्या खोटारड्यासारखी झळकत राहते.

गोठवलेल्या मांसाचा व्यापार असाच जन्माला आला असता तर तो पहिल्या खेपेलाच मेला असता. १५ फेब्रुवारी १८८२ रोजी न्यूझीलंडच्या पोर्ट चामर्स बंदरातून 'डनेडिन' नावाचे शिडाचे जहाज सुमारे पाच हजार गोठवलेली जनावरे घेऊन लंडनकडे निघाले. उष्ण कटिबंधात वारा पडला, जहाज रेंगाळले, आणि कप्तान जॉन व्हिटसन याच्या ध्यानात आले की तळघरात गार हवा नीट फिरत नाही. वाफेच्या यंत्राच्या ठिणग्यांनी शिडे जळत होती, तरी त्या माणसाने 'लंडनला पोहोचल्यावर पाहू' असे म्हटले नाही. तो स्वतः त्या गारठलेल्या पोकळीत सरपटत शिरला, हवेसाठी भोके पाडली, आणि थंडीने इतका गारद झाला की खलाशांनी दोर लावून त्याला बाहेर ओढले. ९८ दिवसांनी जहाज लंडनला लागले, तेव्हा त्या साऱ्या मालातले एकच धूड टाकाऊ ठरले. एक! शिडाचे जहाज, कोळशाचे यंत्र, विषुववृत्त ओलांडून सवातीन महिन्यांचा प्रवास, आणि एक धूड टाकाऊ. आज आमच्याकडे वीज आहे, जनरेटर आहे, इन्व्हर्टर आहे, पाऱ्याची नोंद मिनिटामिनिटाला ठेवणारी हाताच्या तळव्याएवढी यंत्रे आहेत, पारा चढताच मालकाच्या मोबाइलवर संदेश धाडणारी व्यवस्था आहे. आणि त्या कप्तानाने ज्याच्यासाठी जीव पणाला लावला, ती थंडी आमचे व्यापारी रात्री दुकान बंद करताना बिल वाचवण्यासाठी बटणासरशी बंद करतात. ही खोड सर्वश्रुत आहे. रात्रभर डिझेल वाचवण्यासाठी गाडीची थंडी बंद ठेवायची आणि पोहोचण्याआधी तासभर सुरू करायची, ही वाहतुकीतली खोडही तितकीच सर्वश्रुत आहे. जे सर्वांना ठाऊक आहे ते फक्त ज्याने पकडायचे त्यालाच ठाऊक नाही.

लहान दुकानदाराची अडचण आम्ही जाणतो. व्यापारी दराने येणारे विजेचे बिल, हप्त्यावर घेतलेला फ्रीझर, कॉम्प्रेसर गेला तर महिन्याची कमाई मेकॅनिकच्या खिशात, आणि आत भरलेला माल उधारीवर आणलेला. त्याला पन्नास किलो कोंबडी फेकून द्या म्हणणे म्हणजे त्याच्या घरची चूल विझवणे होय, हे आम्हाला समजते. म्हणूनच आमचा पहिला रोष त्याच्यावर नाही. ज्यांच्याकडे शीतगृहांच्या रांगा आहेत, ज्यांच्या गाड्यांवर हिमशिखरांची चित्रे रंगवलेली आहेत, ज्यांच्या जाहिरातींत 'शेतापासून ताटापर्यंत अखंड थंडी' मिरवते, त्यांना ही सबब नाही. यंत्र बिघडून शीतगृहातला माल नासला तर त्याची भरपाई देणारा विमा या देशात मिळतो. म्हणजे नुकसान सोसण्याचा मार्ग उपलब्ध आहे, तो परवडणाराही आहे. पण विम्याचा दावा करायचा तर बिघाड कागदावर कबूल करावा लागतो, माल नष्ट केल्याचे दाखवावे लागते, प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. त्यापेक्षा माल पुन्हा गोठवणे सोपे. हॉटेलांना, खानावळींना, लग्नाच्या कंत्राटदारांना, रस्त्यावरच्या गाड्यांना स्वस्त भावाने काढून टाकणे त्याहून सोपे. मसाला तिखट असला की झाले. ज्या मालाला स्वतःच्या मुलांच्या ताटात जागा नाही, तो दुसऱ्याच्या मुलांच्या ताटात जातो.

मे २०२४ मध्ये मुंबईत ट्रॉम्बे भागात रस्त्यावरचा चिकन शोरमा खाल्ल्यानंतर १९ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. त्याच्या थोडे आधी गोरेगावात शोरमा खाऊन काही जणांना रुग्णालय गाठावे लागले होते. ट्रॉम्बेच्या प्रकरणात गाडीवाल्यांना अटक झाली. व्हायलाच हवी होती. पण गाडीवाला कोंबड्या पाळत नाही, कापत नाही, गोठवत नाही. त्याच्या हाती माल येण्याआधी तो किती हातांतून आला, कुठल्या फ्रीझरात किती रात्री पडला, त्यांतल्या कोणत्या रात्री पारा कुठे होता, हे विचारणारा तपास दर वेळी वरपर्यंत चढला पाहिजे. गाडी जप्त करून फोटो काढणे म्हणजे तपास नव्हे.

आता सरकारकडे वळू. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा, अंमल ५ ऑगस्ट २०११ पासून. गोठवलेल्या मांसाला उणे १८ ही मर्यादा नियमांत लिहिलेली आहे. असुरक्षित अन्नाने मृत्यू झाला तर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि दहा लाखांहून कमी नाही इतका दंड लिहिलेला आहे. मृताच्या वारसांना किमान पाच लाखांची भरपाई लिहिलेली आहे. नासका माल बाजारातून परत मागवण्याची तरतूद लिहिलेली आहे. लिहिण्यात आमच्या सरकारांचा हात धरणारा कोणी नाही. मात्र असुरक्षित अन्न विकले आणि सुदैवाने कोणाला इजा झाली नाही, तर जी सहा महिन्यांपर्यंतची कैद होती, ती २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तीन महिन्यांवर आणली गेली. दंडाची कमाल मर्यादा तेवढी एका लाखावरून तीन लाखांवर नेली. म्हणजे श्रीमंताने पैसे मोजावे आणि सुटावे, ही वाट रुंद केली. १ जानेवारी २०२२ पासून प्रत्येक बिलावर परवान्याचा क्रमांक छापणे सक्तीचे झाले; चांगले झाले. पण त्या परवान्याच्या फ्रीझरात काल रात्री किती अंश होते, हे गिऱ्हाइकाला दिसेल असे लावण्याची सक्ती कोणाला सुचली नाही. चौदा आकड्यांचा क्रमांक छापता येतो, दोन आकड्यांचा पारा दाखवता येत नाही!

आणि मांसाच्या दुकानाकडे आमच्या राज्यकर्त्यांचे लक्षच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. लक्ष आहे आणि फार बारीक आहे. २०१५ साली पर्युषणात मुंबईत मांसविक्री बंद ठेवण्यावरून इतका धुरळा उडाला की प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी कल्याण-डोंबिवली महापालिकेने १९८८ चा ठराव पुढे करून मांसाची दुकाने चोवीस तास बंद ठेवण्याचे फर्मान काढले, आणि राज्यभर नेते एकमेकांच्या अंगावर धावून गेले. कोणी खावे, कधी खावे, कोणत्या तिथीला खाऊ नये, कोणाच्या भावना दुखतात, यावर सभा तापतात, वाहिन्यांवर घसे कोरडे होतात, मोर्चे निघतात. त्या दुकानांतल्या फ्रीझरात उरलेल्या ३६४ दिवशी काय कुजते, यावर एक मोर्चा निघालेला आम्ही पाहिला नाही. थर्मामीटर हलाल विचारत नाही, झटका विचारत नाही, खाणाऱ्याची जातही विचारत नाही. कदाचित म्हणूनच त्यात कोणाला मते दिसत नाहीत. दुकान बंद करायला एका दिवसात हुकूम निघतो. दुकानात पारा लावायला वर्षे पुरत नाहीत. ज्यांना जनतेच्या पोटाची चाड आहे म्हणून ते मांसाच्या दुकानाकडे पाहतात, असे आता कोणी आम्हाला सांगू नये. त्यांना मांस दिसते. माणूस दिसत नाही.

अशक्य काही नाही, याचा पुरावा याच देशाच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. पोलिओच्या कुपीवर १९९६ पासून एक चिमुकली खूण छापलेली येते: वर्तुळ आणि त्यात फिका चौकोन. कुपीने जितकी उष्णता सोसली तितका तो चौकोन काळवंडतो, आणि भोवतीच्या वर्तुळाइतका गडद झाला की कुपी वापरायची नाही. दहावी शिकलेली आशाताई पाड्यावरच्या उन्हात ती खूण एका नजरेत वाचते आणि नासकी लस बाजूला काढते. तिला त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, साहेब लागत नाही. जी खूण दोन थेंबांच्या लशीला परवडते ती किलोच्या पाकिटाला परवडत नाही, हे सांगणारा कारखानदार एकतर अडाणी आहे किंवा लबाड. अडाणी तो खास नव्हे.

म्हणून आमचा निवाडा असा. बिघाड लपवून मांस पुन्हा गोठवणारा माणूस अन्नाचा व्यापारी नसून विष वाटणारा आहे, मग त्याचे दुकान दहा बाय दहाचे असो की त्याच्या शीतगृहाला दहा दरवाजे असोत. आणि पाऱ्याची नोंद न मागता परवान्यावर शिक्का उठवणारा अधिकारी त्याचा भागीदार आहे. त्याच्या वरचा मंत्री त्या भागीदाराचा आश्रयदाता आहे. अन्न व औषध प्रशासनाने प्रत्येक परवानाधारक फ्रीझरवर गिऱ्हाइकाला वाचता येईल असा पारा आणि मागच्या तीस दिवसांची नोंद लावण्याची सक्ती करावी. बिघाड झाला तर तो चोवीस तासांत कळवावा लागेल, सुटलेला माल पंचांसमक्ष नष्ट करावा लागेल, आणि लहान दुकानदाराने प्रामाणिकपणे कळवले तर त्याला विम्यातून किंवा सरकारी निधीतून भरपाई मिळेल, असा नियम पुढच्या पावसाळ्याआधी काढावा. पूर किंवा वादळानंतर जो पंचनामा होतो त्यात फ्रीझरांचा रकाना असलाच पाहिजे. शीतगृहांची तपासणी वीज असताना दुपारी बाराला पत्र धाडून होते, ती वीज गेलेल्या रात्रीच्या दुसऱ्या सकाळी, न सांगता झाली पाहिजे. यासाठी नवा आयोग नको, परदेशदौरा नको, अभ्यासगट तर मुळीच नको.

तोवर आमच्या वाचकांनी आपले शहाणपण आपल्याच हाती ठेवावे. घरच्या फ्रीझरात एका वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणे ठेवा. परगावाहून परतल्यावर नाणे बर्फात रुतलेले दिसले तर तुमच्या माघारी सारे वितळून पुन्हा गोठले आहे, आणि त्यातले मांस चाखून पाहण्याच्या फंदात न पडता टाकून द्या. दुकानात मात्र नाणे ठेवायला तुम्हाला कोणी देणार नाही. तिथे काउंटरवर उभे राहून मोठ्याने विचारा: पारा दाखवा, परवा लाइट गेली तेव्हाची नोंद दाखवा. जो दाखवेल त्याला दोन रुपये जास्त द्या. जो हसेल, टाळेल, 'आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लोक घेतात' असे सांगेल, त्याचे पाकीट त्याच्याच फ्रीझरात ठेवून बाहेर पडा, बिलावरचा परवाना क्रमांक टिपून घ्या आणि त्याच दिवशी लेखी तक्रार करा. तक्रारीची पोच मागायला विसरू नका. पोच देत नाहीत, त्या कार्यालयाचे नाव आम्हाला कळवा. आम्ही ते छापू.